घड्याळाच्या डबीची हरवलेली बैठक
जुन्या डब्यांच्या दुरुस्तीत आपल्या कारागिरांना काम आहे, पण नवे ते नवे म्हणून सांगितले तरच

जुने घड्याळ विकायला काढले की जाणते गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारते. मशीन मूळचे आहे का, आणि डबी आहे का? पहिल्याचे उत्तर घड्याळजी देतो. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक घरांत ‘आहे’ असेच येते, पण डबी उघडली की आतून सुया, बटणे, एखादी तुटकी अंगठी आणि औषधाची चिठ्ठी निघते. घड्याळ ज्यात बसत असे ती मखमलीची बैठक गेलेली असते. डबी दुसऱ्या कामाला यावी म्हणून घरातल्याच कुणीतरी ती उचलून टाकलेली असते. बाजारात या भागाला कोणी ट्रे म्हणतो, कोणी इन्सर्ट. आम्ही इथे बैठक म्हणू, कारण घड्याळ तिच्यावर बसते.

ही बैठक नव्याने करून देण्याचे काम हल्ली वाढले आहे. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच.एम.टी.ने घड्याळे काढायला सुरुवात केली, आणि २०१६ साली केंद्र सरकारने तिची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून कपाटात पडलेल्या ‘जनता’ घड्याळालाही शौकीन मिळू लागले. स्विस घड्याळांचे शौकीन तर आधीपासून आहेतच. फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, ओमेगा ही नावे मुंबईला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहेत. वेस्ट एंडच्या ‘सोवार’ घड्याळाचे नाव तर आपल्या ‘सवार’ शब्दावरूनच पडले. आखातात नोकरीला गेलेल्या कोकणी घरांतून राडो, सिटिझन, सैको यांच्या डब्या आहेत. या डब्यांचे बाहेरचे लाकूड किंवा पत्रा टिकतो. आतले कापड आणि पुठ्ठा टिकत नाही.

काम घड्याळजीचे नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पुठ्ठा कापणे हे जिल्दसाजाचे काम, मखमल चढवणे हे दागिन्यांच्या डब्या करणाऱ्याचे, भरण पिंजाऱ्याचे. हे तिन्ही हुनर आपल्या मोहल्ल्यांत आहेत. नसते ते एकच: या बैठकीवर बसणारी वस्तू साठ-सत्तर वर्षे जुनी आहे आणि आपण वापरलेल्या मालाने ती खराब होऊ शकते, याचे भान. आम्हालाही ते नव्हते.

आमची पहिली चूक

रत्नागिरीकडच्या एका घरातून आमच्याकडे एक डबी आली. आजोबा बोटीवर नोकरीला होते, त्यांचे चांदीच्या केसचे खिशातले स्विस घड्याळ. डबी लाकडी, वरून गडद निळे कातडी कापड, पितळी खटका, झाकणात फिकट साटीन. आत बैठक नाही. घड्याळ विकायचे की ठेवायचे हे घरात ठरले नव्हते. घेऊन येणारे गृहस्थ म्हणाले, “भाईसाहेब, घड्याळ चालू आहे, पण डबी रिकामी दिसते म्हणून भाव पाडतात. आधी डबी तरी पुरी करा.”

आम्ही दोन दिवसांत बैठक करून दिली. दिसायला देखणी होती. घड्याळाला धक्का बसू नये म्हणून मखमलीखाली रबराची पातळ शीट घातली आणि सगळे रबरी गोंदाने चिकटवले. पावसाळा संपल्यावर ते गृहस्थ परत आले. चांदीच्या पाठीवर काळपट, निळसर झाक आली होती, आणि नेमकी जिथे पाठ बैठकीला टेकत होती तिथेच गडद.

कारण साधे आहे. रबर पक्के करताना त्यात गंधक घालतात. बंद डबीत ओलसर हवेत त्या गंधकाची वाफ सुटते आणि चांदीवर काळा थर चढवते. लोकरीचा नमदा वापरला असता तरी हेच झाले असते, कारण लोकरीतही गंधक असते. घड्याळ साफ करून दिले, बैठक फुकट बदलून दिली. पण दरवेळी साफ करताना चांदीचा थोडा थोडा अंश जातो, आणि केसवरची बारीक नक्षी बोथट होते. ते भरून देता येत नाही.

संग्रहालयांना हा प्रश्न आपल्याआधी पडला होता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली यावर एक चाचणी मांडली. जो माल वस्तूजवळ ठेवायचा त्याचा तुकडा काचेच्या बंद नळीत घालायचा, शेजारी चांदी, तांबे आणि शिसे यांच्या घासून चकचकीत केलेल्या पट्ट्या, आणि ओलाव्यासाठी थोडे पाणी. ६० अंश उष्णतेत २८ दिवस ठेवायचे. चांदी काळी पडली तर गंधक समजावे. शिसे पांढुरके झाले तर आम्लाची वाफ.

हे घरगुती पद्धतीने जमते. लोणच्याची घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या. तळाला मखमलीचा आणि पुठ्ठ्याचा तुकडा, बाटलीच्या बुचात ओला कापूस, आणि दोऱ्याने टांगलेला शुद्ध चांदीचा व तांब्याचा घासलेला तुकडा. धातू मालाला किंवा पाण्याला टेकू नये. दुसऱ्या बरणीत सगळे तसेच, फक्त माल नाही. दोन्ही बरण्या उबदार जागी महिनाभर ठेवाव्यात आणि शेजारी शेजारी धरून पाहाव्यात. ६० अंश आपल्याकडे मिळत नाहीत, म्हणून निकाल ढोबळच समजावा. तरी वाईट माल ओळखू येतो. आम्ही ज्या मालाने चूक केली तोच माल बरणीत घातला, आणि दहाव्या दिवशी चांदी पिवळी पडली.

डबी काय सांगते

मोजमाप घेण्याआधी रिकामी डबी उजेडात धरून पाहावी. मूळ बैठक कशी होती हे बहुतेक वेळा तिच्यातच लिहिलेले असते. कडेला सरेसाची रेघ असेल तर बैठक चिकटवलेली होती. रेघ नसून आत लाकडाच्या बारीक पट्ट्या असतील तर ती वरून ठेवलेली, उचलता येणारी होती. अस्तराच्या कोपऱ्यात, जिथे ऊन पोचले नाही, तिथे मूळ रंग सापडतो. झाकणाच्या साटीनवर गोल दाब दिसत असेल तर घड्याळाची काच तिथे टेकत होती, आणि त्यावरून घड्याळ कुठे आणि किती उंचीवर होते ते कळते.

त्या दाबावरूनच घड्याळाचा प्रकारही ठरतो. मनगटी घड्याळाला कधी कमानीसारखी उभी गादी असते, तिच्यावर पट्टा गुंडाळतात. कधी सपाट बैठकीत दोन चिरा असतात आणि पट्टा त्यांतून खाली जातो. खिशातल्या घड्याळाला गोल खळगा लागतो आणि वरच्या बाजूला चावीच्या बटणासाठी व कडीसाठी खाच. खिशातल्या घड्याळाच्या डबीत कमानीची गादी बसवलेली आम्ही पाहिली आहे. काम सफाईदार होते, पण झाकण लागत नव्हते.

जुनी डबी कधीच काटकोनात नसते. लाकूड आखडते, जोड सरकतात. म्हणून लांबी-रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत कमी माप धरावे. त्याहून चांगले म्हणजे जाड कागद तळाला बसवून, कडा बोटाने दाबून, त्याचाच साचा कापावा.

आता त्या निळ्या डबीचे माप देतो, कारण हिशेब इथेच चुकतो. आतली लांबी ८८ मिलिमीटर, रुंदी ७२. मखमल कडेवरून खाली वळते, तिची जाडी प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर, आणि सहज निघावी म्हणून अर्धा मिलिमीटर मोकळीक. म्हणजे पुठ्ठा ८५ बाय ६९. नवा कारागीर पुठ्ठा ८८ बाय ७२ कापतो, कापड चढवतो, आणि मग बैठक डबीत ठोकून बसवतो. जुन्या डबीचा जोड त्याच क्षणी सुटतो.

खळग्याचेही तसेच. घड्याळ ५० मिलिमीटर व्यासाचे. खळग्याच्या भिंतीवर वरची मखमल आत वळते, ती एक मिलिमीटर. तिच्यावर मखमल लावलेली पातळ पट्टी येते, ती दीड. दोन्ही बाजूंचे पाच, आणि मोकळीक एक. पुठ्ठ्यातले भोक ५६ चे. ५० चे भोक पाडून कापड लावले तर घड्याळ आत जात नाही, आणि गेलेच तर कडीला धरून ओढावे लागते.

खोलीचा हिशेब झाकणापासून करावा. डबीचा खालचा भाग २२ मिलिमीटर खोल, आतल्या पट्ट्या ९ मिलिमीटर उंच. उरले १३. त्यात तळाचा पुठ्ठा दोन, त्यावर दोन-दोन मिलिमीटरचे पाच थर, आणि वरची मखमल एक. खळगा अकरा खोल झाला, त्यातून तळाची कापसाची पातळ गादी आणि मखमल मिळून दीड वजा. साडेनऊ. घड्याळ १४ मिलिमीटर जाड, म्हणजे साडेचार वर राहते. झाकणाची खोली १०, त्यातली साटीनची गादी दोन. काच आणि साटीन यांच्यामध्ये साडेतीन मिलिमीटर मोकळे राहिले. तीनपेक्षा कमी ठेवू नये, कारण भरण पुढे फुगते, आणि जुन्या घड्याळाची काच प्लॅस्टिकची असेल तर तिला कापडानेही ओरखडे पडतात.

माल कोणता घ्यावा

पुठ्ठा. बाजारातला करडा पुठ्ठा रद्दीपासून होतो आणि त्यात आम्ल असते. आम्लरहित पुठ्ठा मुंबई-पुण्यात चित्रांच्या फ्रेमचे सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. महाग आहे, पण एका बैठकीला लागतो किती? तो परवडत नसेल तर करड्या पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी चिंध्यांपासून केलेला हातकागद लावावा. हा कागद आपल्याला परका नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागजी घराण्यांनी शतकानुशतके तोच केला.

भरण. फोम वापरू नका. सोफ्याला लागतो तो पिवळट फोम आपल्या दमट हवेत काही वर्षांत चिकट होतो आणि मग भुगा होऊन पडतो. तो भुगा घड्याळाच्या चावीतून मशीनमध्ये गेला की घड्याळजीचा खर्च वाढतो. जुन्या डब्यांत पिंजलेला कापूसच असे. तोच घ्यावा, धुतलेला आणि पूर्ण वाळवलेला. पिंजाऱ्याकडून मूठभर कापूस आणायला आजही लाजू नये.

मखमल. सुती किंवा रेशमी हवी. एक धागा काढून जाळून पाहावा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सूत किंवा रेयॉन. केस जळल्याचा वास आला तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर घड्याळाला बाधत नाही, पण चमक वेगळी असते आणि जुन्या डबीत ती लगेच डोळ्यांत भरते. रंगाची परीक्षा त्याहून महत्त्वाची. ओल्या पांढऱ्या फडक्याने मखमल दोन मिनिटे दाबून धरावी. फडक्यावर लाली उतरली तर तो तागा परत करावा, कारण कोकणातला पावसाळा तेच काम चार महिने करणार आहे.

नवी मखमल जुन्या साटीनजवळ भडक दिसते. काही जण ती चहाच्या पाण्यात बुडवतात. रंग उतरतो खरा, पण चहाचे आम्ल कापडात राहते आणि डाग एकसारखा येत नाही. जुन्या शेरवानीची किंवा जुन्या पडद्याची मखमल मिळाली तर तीच उत्तम. त्यासाठी चोरबाजारात एखादी फेरी मारावी. धुऊन, वाळवून, बरणीची चाचणी करून मगच वापरावी.

गोंद. जिल्दसाज मंडळी लईत किडीसाठी मोरचूद घालतात. वहीसाठी ठीक आहे, घड्याळाच्या डबीत नको. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, धातूला आणि कापडाला दोन्हींना वाईट. साधी ताजी गव्हाची खळ, पातळ थरात, पुठ्ठ्याचे थर जोडायला पुरेशी आहे. वाळल्यावर ती पाण्याने सुटते, हा तिचा गुण आहे. पांढरा गोंद वापरला तर तो वाळताना आंबूस वास सोडतो, तीच आम्लाची वाफ. बैठक तयार झाल्यावर डबीबाहेर निदान तीन-चार आठवडे हवेशीर जागी ठेवावी. वास पूर्ण गेल्याशिवाय घड्याळ आत जाऊ नये. गिऱ्हाईक घाई करते, त्याला कारण सांगावे.

चढवण्याची रीत

पुठ्ठ्याचे थर खळीने जोडून वजनाखाली एक रात्र वाळवावेत, नाहीतर पुठ्ठा वाकतो. भोक कात्रीने पाडू नये. कंपासने आखून, नव्या पात्याने, एकेका थरावर चार-पाच हलक्या फेऱ्यांत कापावे. चावीची खाचही त्याच वेळी पाडावी, आणि खळग्याच्या एका कडेला बोट जाईल एवढा अर्धचंद्र. हा अर्धचंद्र विसरला तर घड्याळ काढताना प्रत्येक वेळी डबी उलटी करावी लागते.

मखमलीची लव कुठल्या दिशेला पडते ते हाताने पाहून घ्यावे. डबी उघडून समोर धरली की लव आपल्याकडे पडलेली असावी, मग रंग एकसारखा दिसतो. कापड चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त ठेवावे. गोंद फक्त मागच्या बाजूला आणि वळणाऱ्या कडेला लावावा, वरच्या पृष्ठभागाला कधीच नाही. तिथे गोंद लागला की तो लवेतून वर येतो आणि कडक डाग पडतो, जो निघत नाही. खळग्याच्या मधोमध कापडाला चिरा देऊन पाकळ्या भिंतीवर वळवाव्यात. पाकळ्यांमध्ये फटी दिसतील. त्या झाकायला पातळ कार्डावर मखमल लावून सुमारे सतरा सेंटिमीटरची पट्टी करावी आणि भिंतीला आतून बसवावी. पट्टीची दोन टोके चावीच्या खाचेवर येऊ द्यावीत, म्हणजे जोड दिसत नाही. तळ वेगळा करून खालून लावावा.

मनगटी घड्याळाची कमान करायची असेल तर जुन्या गजराच्या घड्याळाची पोलादी स्प्रिंग उत्तम. मात्र ती चुंबकीय झालेली नाही ना, हे होकायंत्र जवळ नेऊन पाहावे. सुई हलत राहिली तर ती स्प्रिंग घेऊ नये. झाकण नीट बसावे म्हणून आत लोहचुंबक लावण्याची नवी पद्धत निघाली आहे. चावीच्या घड्याळाजवळ चुंबक म्हणजे दुश्मन. बारीक केसासारखी स्प्रिंग चुंबकीय झाली की घड्याळ धावू लागते, आणि घड्याळजी उगाच मशीन खोलत बसतो. प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा कापून कमान करणेही टाळावे. पी.व्ही.सी. जुना होताना तीव्र आम्ल सोडतो.

बैठक डबीला चिकटवू नये. आतल्या पट्ट्यांवर ती ठेवलेली असावी आणि एका कडेला साटीनची छोटी फीत असावी, म्हणजे धरून उचलता येते. उद्या कुणाला मूळची बैठक सापडली किंवा आपल्यापेक्षा चांगला कारागीर मिळाला, तर आपले काम डबीला इजा न करता निघाले पाहिजे. खालच्या पोकळीत सिलिका जेलची पुडीही राहते. दर पावसाळ्यात ती दोनदा काढून वाळवावी.

नाव कुणाचे छापायचे?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. बैठक चांगली जमली की गिऱ्हाईक हळूच म्हणते, झाकणाच्या साटीनवर कंपनीचे सोनेरी नाव उठवून द्या. ठसा करणारे मिळतात, काम अर्ध्या तासाचे आहे, आणि पैसे बैठकीपेक्षा जास्त मिळतात.

हे करू नये. पहिले कारण कायद्याचे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात दुसऱ्याचे चिन्ह परवानगीशिवाय मालावर किंवा वेष्टनावर लावणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. ठसा उठवणारा कारागीर ‘मी फक्त मजुरी केली’ म्हणून सहज सुटेल असे समजू नये.

दुसरे कारण आपल्या बाजाराचे आहे, आणि आम्हाला ते जास्त टोचते. जुन्या घड्याळांच्या परदेशी शौकिनांमध्ये एक शब्द रूढ झाला आहे: ‘मुंबई स्पेशल’. तो कौतुकाचा नाही. भडक रंगाने पुन्हा रंगवलेले डायल, चार घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेले मशीन, पॉलिश मारून झिजवलेली केस, आणि हे सारे ‘मूळचे’ म्हणून विकलेले, असा त्याचा अर्थ. डायल रंगवणे हा गुन्हा नाही. रंगवणाऱ्याचा हात किती स्थिर असतो ते पाहिले की हुनराची दाद द्यावीशी वाटते. खोटेपणा विकताना घडला, आणि बदनामी सगळ्या शहराच्या वाट्याला आली. आज मुंबईतून कुणी अस्सल, हात न लावलेले घड्याळ विकायला काढले तरी समोरचा आधी शंका घेतो आणि भाव पाडतो. मालाचा ऐब सांगून विकावा, हे दुकानात बसणाऱ्या पोराला आपल्याकडे पहिल्या दिवशी सांगतात. ते न ऐकण्याची किंमत सरळ व्यवहार करणारेही भरत आहेत.

डब्यांच्या बाबतीत हे अजून व्हायचे आहे, म्हणून आताच बोलले पाहिजे. आम्ही तीन गोष्टी करतो. बैठकीच्या खालच्या बाजूला, कापडाखाली न झाकता, ‘नवीन बैठक’, महिना, वर्ष आणि आमचे नाव न पुसणाऱ्या काळ्या शाईने लिहितो. पावतीवर ‘डबी जुनी, बैठक नवी’ असे स्वतंत्र ओळीत लिहितो. आणि झाकणाचे मूळ साटीन कितीही फिकट असले तरी ते बदलत नाही, कारण त्यावरचे खरे नाव हीच डबीची ओळख आहे. फाटले असेल तर मागून पातळ रेशमी कापडाचा आधार देतो.

यामुळे गिऱ्हाईक जाते का? काही जाते. एका दुकानदाराने आमच्याकडून बैठका घेणे याच कारणाने थांबवले. खालची ओळ पुसून द्या, एवढेच त्याचे म्हणणे होते. नाही म्हटल्यावर त्या महिन्याची कमाई कमी झाली, हे कबूल करायला हरकत नाही.

मजुरी ठरवताना मालाकडे पाहू नये, माल फार लागत नाही. वेळ मोजावा. मोजमाप आणि साचा अर्धा दिवस, कापणे-चढवणे एक दिवस, बाकी वाळण्याची वाट. एकाच मापाच्या दहा बैठका एकदम करण्याचा मोह होतो, पण जुन्या डब्या एका मापाच्या नसतात, त्यामुळे यात घाऊक धंदा नाही. जिल्द किंवा डब्यांचे नेहमीचे काम सांभाळून महिन्याला चार-पाच अशा केल्या तरी बरे उत्पन्न होते. चाचणीच्या बरणीचा महिना मात्र मजुरीत धरू नका. एकदा तपासलेला तागा आणि पुठ्ठा पुढच्या कामालाही चालतो.

त्या निळ्या डबीचे पुढे असे झाले. घरच्यांनी घड्याळ विकायचे ठरवले. घेणारे गिऱ्हाईक मुंबईबाहेरचे होते. त्याने बैठक फितीने उचलली, खालची ओळ वाचली, पावती मागितली, आणि दुसऱ्या बैठकीत काय काय माल वापरला ते एकेक करून विचारले. मूळ बैठकीसकट असती तेवढी किंमत डबीला मिळाली नाही, रिकाम्या डबीपेक्षा मात्र बरीच जास्त मिळाली. जाताना त्याने आमचा पत्ता पावतीवरून उतरवून घेतला. दोन महिन्यांनी त्याच्याकडून तीन डब्या आल्या, तिन्ही रिकाम्या. त्यांतल्या एकीत कमान लागणार आहे, आणि तिच्यासाठी घेतलेल्या लाल मखमलीचा तुकडा सध्या बरणीत आहे. आज एकविसावा दिवस, चांदी अजून पांढरी आहे.